घरी करता येणारी गाडीची देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती

जुनीगाडी

माझी मोटार १४ वर्षांची झाली आहे आणि त्यांतली शेवटची आठ-नऊ वर्षे तिची वरवरची देखभाल मी स्वतः करत आलो आहे. माझे शिक्षण या विषयातले नाही आणि घरी अवजारांचा साठाही नाही. पान्यांचा एक संच, हवेचा दाब मोजायचे साधन, साधा मल्टिमीटर, एक विजेरी आणि भरपूर चिंध्या एवढ्यावर माझे भागते. गॅरेजचे तोंडच पाहू नये, असे मला सुचवायचे नाही. मात्र धडधाकट असताना आपली गाडी कशी दिसते, कशी वाजते आणि तिच्याखाली जमिनीवर काय गळते हे ज्याने पाहून ठेवलेले असते, त्याला बिघाडाची चाहूल इतर कोणाहीपेक्षा लवकर लागते, असा माझा अनुभव आहे. प्रत्येकाने आपण घरी काय करतो, कसे करतो आणि कुठे थांबतो ते लिहावे, म्हणून हा धागा काढला आहे.

सुरुवात इंजिन ऑइलपासून करतो. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे आणि पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि दुसऱ्यांदा काढल्यावर दिसते तेच माप खरे धरावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली की पुरे. बऱ्याच लहान गाड्यांत या दोन खुणांमधले अंतर साधारण एक लिटरचे असते, त्यामुळे ऑइल थोडे थोडे ओतून पुन्हा पुन्हा मोजावे. वरच्या खुणेच्या पुढे गेलेले ऑइल क्रँकशाफ्टकडून (इंजिनच्या फिरत्या दांड्याकडून) घुसळले जाते, त्याला फेस येतो आणि फेसाळलेले ऑइल वंगणाचे काम धड करत नाही. काळ्या ऑइलला भिण्याचे कारण नाही. डिझेल गाडीत तर नवे ऑइलही लवकरच काळे पडते. भ्यावे ते दुधाळ ऑइलला. झाकणाच्या आतल्या बाजूला दिसणारा थोडासा पांढरट थर कमी अंतराच्या फेऱ्यांमुळे साचलेल्या वाफेचा असू शकतो, पण डिपस्टिकवरही तोच रंग असेल, तर ऑइलमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) शिरत असल्याची शंका घ्यावी आणि गाडी सुरू न करता ती ओढून न्यावी.

कूलंटची पातळी पाहायला झाकण उघडावेच लागत नाही, कारण त्याची टाकी अर्धपारदर्शक असते आणि तिच्यावर खुणा असतात. पाहायचे ते इंजिन थंड असताना. गरम इंजिनात ही यंत्रणा वातावरणापेक्षा सुमारे एक बार अधिक दाबाखाली असते आणि त्या दाबामुळेच आतले द्रव १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवले की दाब एकदम सुटतो, द्रव जागच्या जागी उकळते आणि थेट तोंडावर उसळते. घरच्या देखभालीतला सगळ्यांत वाईट अपघात कुठला, असे मला विचारले तर मी हाच सांगेन. दुसरी गोष्ट म्हणजे रंग पाहून कूलंट निवडू नये. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग उत्पादक आपापल्या सोयीने घालतात आणि एकाच रंगाच्या दोन कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये वेगळी असू शकतात, तेव्हा पुस्तिकेत जो प्रकार लिहिला असेल तोच आणावा. सांडलेले कूलंट लगेच धुऊन काढावे. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, आणि कुत्रीमांजरे ते चाटतात.

मंदगती

उत्तम धागा. मी बोनेट क्वचितच उघडतो, परंतु चाकांकडे मात्र दर पंधरा दिवसांनी पाहतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

हवेचा दाब किती ठेवायचा, याचे उत्तर टायरवर नसून चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या पट्टीवर असते. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा त्या टायरला झेपणारा कमाल दाब सांगतो. तो गाडीसाठी ठरवलेला दाब नव्हे. मोजणी टायर गार असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर करावी. हवेचे तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने उतरले की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, त्यामुळे ऋतू पालटताना चारही चाकांत हवा कमी दिसली तर ते पंक्चर समजू नये. एकच चाक सारखे कमी भरत असेल तर मात्र खिळा, व्हॉल्व्ह किंवा रिमची कड तपासायला हवी. व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि बुडबुडा फुगला, तर गळती तिथेच आहे हे कळायला दुसरे काही लागत नाही.

टायरची झीजही बोलकी असते. मधला पट्टा अधिक झिजला असेल तर हवा जास्त ठेवली जात आहे, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी, आणि एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांची सरळ रेषा) बिघडली आहे किंवा सस्पेन्शनमध्ये काहीतरी सैल झाले आहे, असे समजावे. नक्षीच्या खोबणीत ठराविक अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते आणि टायर त्यांच्या पातळीला आला की तो बदलावाच. वयही पाहावे. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी कधी न वापरल्यामुळे नवी दिसते, पण हा आकडा वाचला की तिचे खरे वय कळते. माझ्या स्टेपनीचे निघाले ११ वर्षे.

चाक बदलण्याचा सराव घराशी, उजेडात, एकदा तरी करावा, म्हणजे अंधारात रस्त्याच्या कडेला पहिला धडा गिरवावा लागत नाही. हँडब्रेक ओढावा, तिरप्या समोरच्या चाकाला दगड किंवा ठोकळा लावावा आणि जॅक चढवण्याआधीच नट अर्धा फेरा सैल करून घ्यावेत, कारण चाक हवेत गेल्यावर नटाबरोबर तेही फिरू लागते. नवे चाक लावल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावरच लावावा. पाच-पन्नास किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग घालू नये. गाडीबरोबर मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली शिरायचे असेल तर सपाट, टणक जमिनीवर, योग्य वजन पेलणारे स्टँड जोडीने लावल्याशिवाय शिरू नये.

तेलकटबाही

मी ऑइल आणि ऑइल फिल्टर घरीच बदलतो. काम अवघड नाही, पण चुका ठरलेल्या आहेत, आणि त्या बहुतेक सगळ्या मी करून बसलो आहे.

इंजिन पाच मिनिटे चालवून ऑइल कोमट करावे. फार गरम असेल तर हात भाजतो आणि थंड असेल तर ते रेंगाळत उतरते. निचऱ्याचा बोल्ट सोडताना पाना पक्का बसला आहे याची खात्री करावी, नाहीतर त्याचे कोपरे गोल होतात आणि मग ते काम गॅरेजलाच न्यावे लागते. बोल्टखालचे वॉशर दर वेळी नवे घालावे. जुना फिल्टर निघाला की त्याची रबरी कडी त्याच्याबरोबर आली आहे का, हे आवर्जून पाहावे. माझी एकदा इंजिनलाच चिकटून राहिली, तिच्यावर दुसरी कडी बसली आणि गाडी सुरू करताच अर्धे ऑइल जमिनीवर आले. नव्या फिल्टरच्या कडीला बोटाने थोडे ऑइल लावावे, कडी टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि मग साधारण पाऊण फेरा आणखी द्यावा. तो पान्याने आवळू नये, पुढच्या वेळी तो आपल्यालाच सोडवायचा असतो. ऑइल भरल्यावर मिनिटभर इंजिन चालवून, बंद करून, खाली वाकून गळती पाहावी आणि मग पुन्हा पातळी मोजावी.

ऑइलच्या डब्यावरच्या आकड्यांविषयी नेहमी विचारले जाते. ५डब्ल्यू-३० यातला ‘५डब्ल्यू’ थंडीतल्या प्रवाहीपणाचा दर्जा दाखवतो आणि ‘३०’ हा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणाचा. गाडी जुनी झाली म्हणून आपल्या मनाने दाट ऑइल घालण्याची पद्धत मला पटत नाही. पुस्तिकेत जितके पर्याय दिले असतील, त्यांतच राहावे. काढलेले ऑइल डब्यात भरून, जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडे किंवा संकलन केंद्राकडे द्यावे. ते गटारात ओतणाऱ्याने गाडीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहाटपाळी

एक अडचण विचारतो. धाग्याला धरून आहे, असे वाटते. माझी गाडी पहाटे सुरू करताना सेल्फ (इंजिनला पहिला फिरा देणारी मोटर) घेत नाही. किल्ली फिरवली की टक् टक् टक् असा आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही. चार-पाच प्रयत्नांनंतर कधी सुरू होते, कधी ढकलावी लागते. गॅरेजमध्ये बॅटरी गेल्याचे सांगण्यात आले, म्हणून बॅटरी बदलली. तीन आठवडे सुरळीत गेले आणि आता पुन्हा तेच सुरू झाले आहे. आता सेल्फ मोटर बदलायला सांगत आहेत. मला मल्टिमीटर वापरता येतो, पण कुठे काय मोजायचे ते माहीत नाही.

अर्धापाना

पहाटपाळी, सेल्फ मोटर बदलण्याआधी अर्धा तास काढा आणि तीन गोष्टी पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि किल्ली फिरवायला दुसऱ्या कोणाला तरी बसवा.

पहिली चाचणी उपकरणाशिवाय होते. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारायला सांगा. दिवे जवळजवळ विझत असतील तर बॅटरी तरी कमकुवत आहे किंवा तिच्या टर्मिनलवरचा जोड तरी. दिवे तसेच लखलखीत राहून नुसती टकटक होत असेल, तर वीज मुबलक आहे, पण ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही किंवा तिथून परत येत नाही, असा अर्थ निघतो.

दुसरी चाचणी व्होल्टेजची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर, टर्मिनलच्या पकडीवर नव्हे, मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, हा शिसे-आम्लाच्या साध्या बॅटरीचा हिशेब आहे. इंजिन चालू झाल्यावर तोच आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्हायला हवा. तसे झाले तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर वीज तयार करणारे यंत्र) बॅटरी चार्ज करतो आहे. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, त्यामुळे तिथे आकडा अधूनमधून खाली दिसला तरी तो बिघाड नसतो.

तिसरी चाचणी फारसे कोणी करत नाही, आणि मला संशय नेमका तिथला आहे. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा, आणि सेल्फ मारत असताना आकडा वाचा. या दोन ठिकाणांमध्ये जाड केबल असल्यामुळे तिथे जवळजवळ काहीच व्होल्टेज दिसता कामा नये. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालून जाते. त्याहून अधिक म्हणजे अर्थची, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी, वायर किंवा तिचा जोड खराब आहे.

पहाटपाळी

आज पहाटे तिन्ही मोजमापे घेतली. हेडलाइट मुळीच मंद झाले नाहीत. उभ्या गाडीत १२.५७ आणि सुरू झाल्यावर १४.२ व्होल्ट मिळाले. सेल्फ मारताना बॅटरीवर १२.१ होते, आणि ऋण खुंटी ते इंजिन यांच्यामध्ये सहा व्होल्टच्या आसपास आकडा नाचत होता. हे वाईट आहे का?

अर्धापाना

हे वाईट आहे, पण स्वस्तात सुटणारे आहे. सेल्फ मोटर इंजिन फिरवताना शेकडो अँपिअर घेते आणि तेवढी वीज खरोखर वाहत असती, तर चांगल्या बॅटरीचेही व्होल्टेज १०-११ पर्यंत खाली आले असते. तुमचे १२.१ वर राहिले, याचा अर्थ तेवढी वीज वाहतच नव्हती. जे व्होल्टेज सेल्फला मिळायला हवे होते, त्यातले निम्मे अर्थच्या वाटेवरच खर्ची पडत होते. बॅटरी बदलताना केबल हलली, गंजलेल्या जोडाला तेवढ्यापुरती नवी जागा मिळाली, आणि म्हणून तुमचे तीन आठवडे बरे गेले असावेत.

बॅटरीच्या ऋण टोकापासून एक केबल बॉडीला आणि एक गिअरबॉक्सला किंवा इंजिनला जाते. काही गाड्यांत बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये विणलेल्या तारांची वेगळी पट्टी असते. तुमचे दिवे बॉडीच्या अर्थवर चालतात, म्हणून ते मंद झाले नाहीत. इंजिनकडे जाणारा जोड शोधा. तो बहुधा खाली, चिखल उडतो त्याच जागी असतो. आधी बॅटरीची ऋण केबल सोडा आणि नंतर हवी तर धन केबल. जोडताना क्रम उलटा ठेवा. धन बाजू सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि ऋण बाजू जोडलेलीच असली, तर थेट शॉर्टसर्किट होऊन पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. ऋण बाजू आधी सुटलेली असली की तो धोका राहत नाही. अंगठी आणि हातातले कडे काढून ठेवा. जोड सोडून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी दिसली, तर ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा. डोळ्यांवर चश्मा असू द्या आणि ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

तोवर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायची वेळ आलीच, तर लाल केबल दोन्ही धन टोकांना जोडा, काळी केबल आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, लावा. शेवटचा जोड देताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती दूर उडालेली बरी. तुमच्या बाबतीत या जोडणीने गाडी झटकन सुरू होईल, कारण काळी केबल खराब अर्थला वळसा घालून थेट इंजिनला लागेल, आणि ‘बॅटरीच खराब’ हा समज आणखी पक्का होईल. गॅरेजचीही फसगत अशीच झाली असावी.

चाकोरी

ब्रेकविषयी कोणीच लिहिले नाही. डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे मला ऑइल बदलण्यापेक्षा सोपे वाटते. दोन बोल्ट सोडायचे, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) वर करायचा, त्यातला पिस्टन मागे दाबायचा, नवे पॅड घालायचे आणि बंद करायचे. लोक उगाच घाबरतात.

जुनीगाडी

चाकोरी, तुमचा हात बसला आहे याबद्दल शंका नाही, पण ‘उगाच’ हा शब्द मला मान्य नाही. ऑइल बदलताना चूक झाली तर जमीन खराब होते किंवा फार तर इंजिन जाते. पॅड बदलताना चूक झाली तर गाडी थांबत नाही. तुमच्या यादीत एक पायरी राहिली आहे, ती वाचकांसाठी लिहितो. पिस्टन मागे दाबल्यावर पॅड आणि डिस्क यांच्यात पोकळी राहते, त्यामुळे गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत ते अनेकदा दाबावे लागते. हे विसरलेल्या माणसाचा पहिला ब्रेक नुसता तळाशी जातो. पिस्टन दाबताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढून सांडू शकते आणि ते रंग खाते. मागच्या चाकांना विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर पिस्टन आधी स्कॅनरने सर्व्हिस अवस्थेत न्यावा लागतो. जबरदस्तीने दाबल्यास मोटर तुटते.

माझा स्वतःचा नियम असा आहे की ब्रेक पाहायचे, पण उघडायचे नाहीत. चाकाच्या आऱ्यांमधून विजेरीने पॅडची जाडी दिसते. नव्या पॅडचा घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, आणि तो तीनपाशी आला की मी गॅरेजमध्ये वेळ ठरवतो. ब्रेक ऑइलची पातळी पॅड झिजतील तशी हळूहळू उतरते, तेव्हा ती उतरलेली दिसली की वरून भरून मोकळे होऊ नये. आधी पॅड पाहावेत आणि मग गळती. हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १५५ आहे. लांबलचक उतारावर ब्रेक तापले की हा फरक पेडलखाली जाणवतो. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे आणि उघडा पडून राहिलेला जुना डबा वापरू नये.

चाकोरी

पेडल दाबण्याची पायरी लिहायची राहिली हे खरे, आणि ती राहायला नको होती. ज्याने हे काम कधीच पाहिलेले नाही, त्याने पहिल्यांदा एखाद्या जाणकाराला शेजारी उभे करूनच करावे, एवढी दुरुस्ती मी माझ्या विधानात करतो.

मंदगती

किरकोळ कामांची भर घालतो. एअर फिल्टरची पेटी बहुतेक गाड्यांत चार क्लिपांनी उघडते. केबिनचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवावा लागतो. एसीतून कुबट वास येत असेल तर आधी हाच फिल्टर काढून पाहावा. एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते, ते नैसर्गिक आहे. वायपरची पट्टी काढल्यावर उघडा दांडा काचेवर आपटून काच तडकते, म्हणून खाली घडी केलेला टॉवेल ठेवावा.

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा घालावा. रंग सगळीकडे सारखेच असतात. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. तोच फ्यूज पुन्हा उडाला तर मोठा घालू नये, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते. हॅलोजन बल्बच्या काचेला उघड्या बोटांनी शिवू नये. बोटांचा तेलकटपणा तापून काच तिथे कमकुवत होते. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरी आणि हायब्रिड किंवा विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी केबल या दोहोंना घरी मुळीच हात लावू नये.

पहाटपाळी

सर्वांचे आभार, विशेषतः अर्धापाना यांचे. गिअरबॉक्सजवळचा जोड सापडला. वरून पाहता तो ठीक दिसत होता आणि बोल्टही घट्ट होता, त्यामुळे मी आधी त्याला सोडून दिले होते. केबल हाताने वाकवून पाहिली तेव्हा टोकापाशी ती नको तितकी मऊ लागली. आवरण चिरल्यावर आत तांब्याच्या जागी हिरवट भुकटी निघाली आणि जेमतेम पाच-सहा तारा शाबूत होत्या. घासून उपयोग नव्हता, म्हणून तेवढ्याच जाडीची तयार केबल आणून लावली. आता सेल्फ मारताना तोच आकडा ०.१८ येतो. सेल्फ मोटर जुनीच आहे आणि सलग नऊ पहाटे गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली आहे. काढून टाकलेली बॅटरी गॅरेजकडून परत मागवली आहे. ती चार्ज करून मोजली, तर रात्रभरानंतरही १२.६ दाखवते.